हातावर तुरी देऊन निसटणारा बोका : दाराशी कोणता सेन्सर लावावा?

अर्धीकडी

आमच्या घरी सव्वाचार किलोचा एक बोका आहे. नाव टिल्लू. वय तीन वर्षं, नसबंदी झालेली, अगदी पिल्लू असल्यापासून घरातच. बाहेरचं जग त्याने फक्त खिडकीच्या जाळीतून पाहिलंय आणि तेवढ्यावर त्याचं अजिबात भागत नाही.

त्याची पद्धत ठरलेली आहे. आपण बाहेरून येतो, एका हातात पिशव्या, दुसऱ्याने कुलूप उघडतो, दार वीतभर सरकतं आणि पायांमधून काहीतरी मऊ निघून जातं. वळून बघेपर्यंत स्वारी जिन्याच्या वळणावर. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा गेला तेव्हा अकरा तास सापडला नाही. शेवटी मिळाला तो दोन मजले खाली, जुन्या गाद्यांच्या गठ्ठ्यामागे. त्याच गठ्ठ्यासमोरून आम्ही चार वेळा हाका मारत गेलो होतो. पठ्ठ्याने एकदाही ओ दिली नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी लावल्या. चौकटीवर चुंबकाचा सेन्सर, म्हणजे दार उघडलं की फोनवर सूचना. आणि दाराच्या आत वरच्या बाजूला पीआयआर, म्हणजे काही हललं की सूचना. पहिल्याचा उपयोग शून्य, कारण दार मीच उघडलेलं असतं, मला सांगून काय करणार? दुसरा दिवसभर बोंबलत असतो आणि खरंच बोका दाराशी असतो तेव्हा गप्प. शिवाय सूचना येते तीन-चार सेकंदांनी.

फक्त मांजर ओळखून त्याला दारातच अडवेल असा काही सेन्सर आहे का? थोडंफार सोल्डरिंग येतं, एक ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथ असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घरात पडून आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिनूची_आई

सापडला हे नशीब. हरवलेल्या मांजरांवरचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे, हजाराहून जास्त मांजरांचा. सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. घरात वाढलेलं मांजर तर बाहेर पडल्यावर पळत सुटत नाही, पहिल्या आडोशाला दडून बसतं आणि भीतीने आवाजही काढत नाही. म्हणून हाका मारण्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन खाली वाकून शोधावं, डोळे चमकतात.

सेन्सरचं मला कळत नाही, पण एक विचारते. घरात आल्या आल्या दारातच त्याचे लाड करता का? करत असाल तर तो दाराशी का बसतो याचं उत्तर तुमच्याच हातात आहे.

अर्धीकडी

करतो. :(

सर्किटबाबा

तुमच्या दोन्ही सेन्सरांत दोष नाही, त्यांच्याकडून नको ते काम मागताय.

मांजर पूर्ण वेगात ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे सेकंदाला बारा मीटर. दारात एवढा वेग घ्यायला जागा नसते, म्हणून अगदी चौथा हिस्सा धरा. तरी दाराची फट ओलांडायला त्याला पाव सेकंद खूप झाला. तुमची सूचना आधी राउटरकडे जाते, तिथून कुठल्यातरी सर्व्हरला, मग परत तुमच्या खिशात. तोवर बोका जिना उतरलेला असतो.

तेव्हा दार उघडल्यावर काय करायचं हा विचार सोडा. कुलपाला हात लावायच्या आधी एवढंच कळलं पाहिजे की आतून दाराला खेटून बोका बसलाय की नाही. बाहेर कुलपाशेजारी एक दिवा असावा आणि तो बघून तुम्ही थांबावं. बोक्याला अडवणारा सेन्सर शोधू नका, तुम्हाला अडवणारा शोधा.

आता पीआयआरबद्दल. त्याला मांजर दिसत नाही, उष्णतेतला बदल दिसतो. आत दोन भागांचा संवेदक असतो, समोर ते पांढरं घुमटासारखं भिंग. ऊबदार अंग एका भागाच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत सरकलं की इशारा मिळतो. म्हणजे मांजर आडवं गेलं तर लगेच कळतं, थेट समोरून आलं तर उशिरा, आणि दबा धरून बसलं तर मुळीच नाही. टिल्लू दाराशी नेमकं काय करतो ते तुम्हीच लिहिलंय.

आणि 'घरात पाळीव प्राणी असले तरी चालेल' असं लिहिलेला पीआयआर चुकूनही आणू नका. वीसेक किलोपर्यंतच्या प्राण्याकडे दुर्लक्ष करावं म्हणूनच तो बनवलेला असतो. चोर पकडेल आणि बोका सोडेल.

जाता जाता: तुमचा पीआयआर एचसी-एसआर५०१ मॉड्यूलचा आहे का? आणि ईएसपी३२ त्याच्या पाठीलाच चिकटवलाय का? वायफायवर काही पाठवलं की ते मॉड्यूल भडकतं. मग त्या खोट्या इशाऱ्याची सूचना पाठवायला पुन्हा वायफाय, त्याने पुन्हा खोटा इशारा. वायर वीतभर लांब करून बघा.

अर्धीकडी

बाबा, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? दुहेरी टेपने पाठीलाच चिकटवला होता. वायर लांब केली, काल अख्ख्या रात्रीत एकदाही वाजला नाही. दंडवत.

नवशिका_०७

मग अल्ट्रासॉनिक का नको? एचसी-एसआर०४ नावाचा सेन्सर स्वस्त असतो, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो, स्थिर वस्तूही दिसते. दाराशी आडवा लावला की काम झालं.

मिनूची_आई

थांबा! हा ४० किलोहर्ट्झला आवाज करतो ना? आपलं ऐकणं २० ला संपतं, मांजराचं ६० च्याही पुढे जातं. तुमच्या दृष्टीने मुका असलेला तो डबा मांजराच्या कानाशी दिवसभर टकटक करत बसेल.

नवशिका_०७

मग चांगलंच की, दारापासून लांब राहील.

सर्किटबाबा

नाही राहणार. काही मांजरांना चार दिवसांत सवय होते, काहींना होत नाही आणि ती घरभर बिथरून फिरतात. पहिल्यात उपयोग नाही, दुसऱ्यात छळ. शिवाय मऊ केसाळ अंगावरून आवाज नीट परतत नाही. भिंत मोजायला हा उत्तम, मांजर मोजायला नाही. लेझरने अंतर मोजणारे छोटे सेन्सर मिळतात, व्हीएल५३एल०एक्ससारखे. ते आवाज करत नाहीत, दोनेक मीटरपर्यंत चालतात. फक्त दाराच्या फटीतून ऊन येत असेल तर गडबडतात.

घंटानाद

अखेर मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आलीच म्हणायची. :) ब्लूटूथचा टॅग गळपट्ट्यात अडकवायचा, दाराशी ईएसपी३२, सिग्नल जोरात आला की बोका जवळ. मी वर्षभर वापरलंय, म्हणून त्यातल्या खोडीही सांगतो. मांजर तोंड फिरवून बसलं की त्याचं स्वतःचं अंगच सिग्नल अडवतं. बोका दाराला टेकलेला असताना आकडे सांगायचे की तो शेजारच्या खोलीत आहे. आणि खरंच शेजारच्या खोलीत भिंतीला लागून झोपला की आकडे सांगायचे दाराशी. 'घरात आहे की नाही' हे कळायला झकास, 'दाराशी आहे की नाही' याला बेभरवशाचा.

पट्टा घालाल तर ओढ बसली की आपोआप सुटणाराच घाला. बाकीचे कुठेतरी अडकून गळफास बसतो.

दुपारची_झोप

आमच्या माऊला मायक्रोचिप आहे. तीच दाराशी वाचली तर? पट्टाही नको, बॅटरीही नको.

सर्किटबाबा

वाचता आली असती तर दुसरं काही बघायलाच नको होतं. त्या चिपमध्ये बॅटरी नसते. बाहेरून १३४.२ किलोहर्ट्झची लहर आली की तिच्याच जोरावर ती आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. ही गोष्ट वीतभर अंतरातच घडते. मांजराच्या छोट्या झडपेच्या दारात ती चालते, कारण मांजराला मान त्या चौकटीतून घालावीच लागते. माणसाच्या दारात मांजर कुठून जाईल याचा नेम नाही, त्यामुळे अँटेना लावायची कुठे?

चिप मात्र प्रत्येकाने बसवून घ्यावी. मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही, पण सापडल्यावर कुणाचं आहे ते सांगते.

पावशेर_शहाणपण

मी हवेचा फुस्कारा सोडणारा डबा लावला होता. वर मोशन सेन्सर, खाली दाबलेली हवा, मांजर जवळ आलं की फुस्स. ओट्यावर चढायची सवय त्याने पाच दिवसांत सुटली. त्याच उत्साहात तो मुख्य दाराशी नेऊन ठेवला. पहिला फुस्कारा वडिलांच्या पोटरीवर बसला. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

मिनूची_आई

हसले खरी, पण एक गंभीर मुद्दा आहे. समजा एखाद्या दिवशी डबा रिकामा असला आणि मांजर बाहेर गेलं. दुसऱ्या दिवशी ते दारापर्यंत परत आलं. आता दार म्हणजे फुस्स, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते आत येईल का? जी भीती आत ठेवायला घातली तीच मग बाहेर ठेवते.

विजेच्या झटक्याच्या पट्ट्यांचंही तेच, त्याहून वाईट. उसळलेलं मांजर झटका सोसून रेषा ओलांडतं आणि परतताना तीच रेषा पुन्हा झटका देते. वेल्समध्ये तर २०१० पासून कुत्र्यामांजरांवर असे पट्टे वापरायला कायद्यानेच बंदी आहे. इथे कुणी त्यांची शिफारस करू नये, ही विनंती.

तिरकाबाण

एवढा काथ्याकूट कशाला? दाराला इलेक्ट्रिक कुलूप लावा. बोका दाराशी असला की दार उघडणारच नाही. विषय संपला.

सर्किटबाबा

आणि घरात आग लागली, धूर भरला, घाबरलेलं मांजर दाराशी येऊन बसलं की तुम्हीही आत आणि तेही आत. बाहेर पडायच्या वाटेला मांजरावर अवलंबून असलेलं कुलूप कधीही लावू नका. दिवा सल्ला देतो, कुलूप हुकूम सोडतं. इथे सल्लाच हवा.

अर्धीकडी, मी तुमच्या जागी असतो तर वजनकाटा केला असता. बोका दाराशी बसतो, म्हणजे पायपुसण्यावरच बसत असणार. त्याखाली फळी, फळीखाली चार लोड सेल, म्हणजे वजनाने किंचित वाकून भार सांगणारे संवेदक. जुना न्हाणीघरातला वजनकाटा मोडला तर चारही त्यातच मिळतात. सोबत एक एचएक्स७११, म्हणजे सेलचा क्षीण सिग्नल वाढवून आकड्यात बदलणारी चिप. हे एकच साधन मांजर आणि माणूस यांत कॅमेऱ्याशिवाय फरक करतं. तीन ते सात किलो म्हणजे बोका, पंधराच्या वर म्हणजे माणूस.

अर्धीकडी

जमेल असं वाटतंय. जुना काटा आहे. सुट्टीत बसतो.

अर्धीकडी

पहिला अहवाल. दोन रविवार गेले.

पहिल्या रविवारी चारही सेल फळीच्या कोपऱ्यांना सपाट चिकटवले. मी स्वतः उभा राहिलो तरी आकडा ढिम्म हलेना. दोन तास वायरी तपासल्या. मग मोडलेल्या काट्याच्या सांगाड्यात बघितलं, तर सेल बसायची खोबण मधोमध पोकळ होती! सेलचा मधला जिभेसारखा भाग खाली वाकायला मोकळा लागतो, तो वाकला तरच वजन कळतं. मी त्याला जमिनीशी घट्ट चिकटवून टाकलं होतं. त्याच खोबणी करवतीने कापून फळीला लावल्या आणि आकडे धावायला लागले. उलटे. वजन ठेवलं की उणे. एचएक्स७११ च्या दोन इनपुट वायरींची अदलाबदल केली आणि सरळ झाले.

फळी ६० बाय ४५ सेंटिमीटर. वर नेहमीचंच पायपुसणं, त्याला काही कळू नये म्हणून. दिवा दारावर न लावता चौकटीवर लावला, म्हणजे दाराच्या उघडझापीने वायर तुटायला नको. वायफाय पूर्ण बंद, सगळं तारेने. बोका बसल्यापासून दिवा लागेपर्यंत अर्धा सेकंद जातो.

पण आज सकाळी गंमत झाली. टिल्लू फळीवर पसरलेला, मी आतून बघतोय, आणि बायको बाहेरून सांगतेय की दिवा बंद आहे.

तारतम्य

बराच वेळ आकडा स्थिर राहिला की त्याला शून्य धर, असं कोडमध्ये लिहिलंय का?

अर्धीकडी

हो. लोड सेलचा आकडा तापमानाने हळूहळू सरकतो असं वाचलं होतं, म्हणून पाच मिनिटं स्थिर राहिला तर शून्य करतो.

तारतम्य

म्हणजे बोका पाच मिनिटं झोपला की तुमच्या लेखी तो पायपुसणं झाला. मग उठून गेला की काटा उणे चार किलो दाखवत असेल.

शून्यापासून अर्ध्या किलोच्या आत आकडा सरकला असेल तरच शून्य हलवा. त्यापलीकडे गेलेलं वजन कितीही वेळ स्थिर असो, हात लावू नका.

दुसरं, अधिक महत्त्वाचं. तुमच्याकडे 'दिवा बंद' म्हणजे 'मोकळं' असं आहे ना? वीज गेली, वायर सुटली, अ‍ॅडॉप्टर जळला, तरी दिवा बंदच राहणार आणि तुम्ही बिनधास्त दार उघडणार. उलटं करा. मोकळं असेल तेव्हा हिरवा पेटलेला. हिरवा दिसत नसेल तर कारण काहीही असो, आत बोका आहे असंच धरायचं. आणि लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही, म्हणून बोका असताना लाल नुसता पेटता ठेवू नका, लुकलुकता ठेवा.

सर्किटबाबा

+१. हे मीच आधी सांगायला हवं होतं.

मिनूची_आई

मला एक कळलं नाही. लाल लागला. मग? बाहेर पिशव्या घेऊन बोका उठायची वाट बघत उभं राहायचं? तो तुमच्याहून चिवट आहे.

त्याला दारापासून लांब काहीतरी कामाला लावा. ठरावीक खाऊ टाकणारं यंत्र मिळतं ना, ते सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा आणि त्याचं बटण बाहेर दिव्याशेजारी द्या. आधी आठवडाभर घरात असतानाच दाबून दाबून सवय लावायची: आवाज आला की आत पळायचं. आणि घरात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं दारात लाड बंद. लाड आतल्या खोलीत.

पावशेर_शहाणपण

पण मग तो बटणासाठी मुद्दाम दाराशी येऊन बसेल की. दाराशी बसलं की खाऊ मिळतो, असा हिशेब लावेल.

मिनूची_आई

खाऊ दाराशी पडतच नाही ना. मांजर जिथे घास मिळतो तिथे वाट बघतं. हवं तर लाल नसतानाही बटण दाबा, म्हणजे दाराचा आणि खाऊचा संबंधच राहणार नाही. आवाज आणि आतली खोली एवढंच त्याच्या डोक्यात राहू दे.

दुपारची_झोप

अवांतर: खिडक्यांना काय लावावं? उघडी राहिली की शिट्टी वाजवणारा चुंबकवाला सेन्सर बघून ठेवलाय.

सर्किटबाबा

खिडकीला जाळी. फक्त जाळी. दारातून गेलेलं मांजर जिन्यात सापडतं, खिडकीतून गेलेलं खाली सापडतं. सेन्सर लावायचाच तर जाळीची चौकट नीट बसली आहे का ते बघायला लावा. आणि वरून आत झुकणाऱ्या खिडक्या असतील तर त्या अर्धवट उघड्या ठेवूच नका, खालच्या निमुळत्या फटीत मांजर घसरून अडकतं.

अर्धीकडी

दुसरा अहवाल, महिनाभराने.

तारतम्य यांनी सांगितलं तसं शून्याचं कोड बदललं. हिरवा-लाल उलटवला आणि तिसऱ्याच दिवशी वीज गेली. दारात आलो तर दोन्ही दिवे बंद. सवयीने हात कुलपाकडे गेला होता, थांबलो, फटीत पिशवी आडवी धरून दार उघडलं. टिल्लू पिशवीवर आदळला. एवढ्या एका प्रसंगात सगळे कष्ट वसूल.

खाऊचं यंत्र लागलं. पहिले चार दिवस तो त्याच्या आवाजाला घाबरून पलंगाखाली जायचा, मग घास दिसला. आता बाहेरून बटण दाबलं की आतून नखांची खरखर ऐकू येते, दोन सेकंदांत लाल जाऊन हिरवा लागतो. गेल्या आठवड्यापासून तर जिन्यावर पावलं वाजली की न बोलावताच यंत्राशी जाऊन बसतो. पावलं शेजाऱ्यांची असली तरी.

एकच कबुली. दिवा फक्त आम्ही दोघं बघतो. पाहुणे थेट बेल वाजवतात, मग आतून उघडणारा माणूस फळीवर उभा राहतो, काटा म्हणतो माणूस, आणि पायाशी बोका असला तरी त्याला कळत नाही. त्या वेळेसाठी मधल्या बोळातलं दार आधी लावून घ्यायचं असं ठरवलंय. दोन दारं, एका वेळी एकच उघडं. खरं तर हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं, पण बोळात कपड्यांचा स्टँड होता आणि तो हलवायचा कंटाळा.

नवशिका_०७

मस्त धागा. मी तो एचसी-एसआर०४ पाण्याच्या टाकीला लावला. तिथे छान चाललाय.

अर्धीकडी

नवा पेच. कालपासून टिल्लू पायपुसण्यावर बसतच नाही. दाराशेजारी चपलांचं बुटकं कपाट आहे, त्यावर बसतो. तिथून उडी मारली की थेट उंबऱ्यापलीकडे. खाली हिरवा दिवा, वर बोका. बाबा, कपाटाखालीही काटा करू का? सेल किती किलोचे घेऊ?

सर्किटबाबा

करू नका. कपाटातून चपलांचा एक जोड गेला, दोन आले की वजन बदलणार, शून्य कुठे धरायचं याचा मेळ बसणार नाही. मग त्यासाठी आणखी एक सेन्सर, त्यासाठी आणखी एक.

कपाट दारापासून दोन मीटर हलवा.

अर्धीकडी

हलवलं. त्यामागे जुन्या गळपट्ट्याची घंटी सापडली.